कोठीची वाटणी

शांभवीनं डबा ओट्यावर आदळला, झाकण काढलं आणि आईच्या पुढ्यात सरकवला.

"बघ. अख्ख्या वर्गानं बघितलंय, तू तेवढी राहिलीस."

भाताच्या मधोमध एक सोंडा शिजून पडला होता. तांदळात होणारा हा काळा किडा तिळाहून मोठा नसतो, पण पांढऱ्या भातावर तो लपणार कुठं?

"उद्यापासनं मला भात नको. चपाती दे, न्हायतर मी कॅन्टीनला खातो," असं म्हणून पोरगी आत गेली आणि दार लावून बसली.

संयोगिता डब्याकडं बघत उभी राहिली. रागानं तिच्या कानशिलातनं वाफा निघायला लागल्या. लेकीचा राग नव्हता. सतरा वर्षांची पोर, मैत्रिणींत हसं झाल्यावर आदळआपट करणारच. ज्याचा राग आला होता तो माणूस पुण्यात पंख्याखाली बसला होता.

कळंब्यातल्या त्या गल्लीत संयोगिता चौगलेच्या घरच्या धान्याला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. मे महिन्यात गच्चीवर चार दिवस कडक ऊन दिल्याशिवाय तिच्याकडं एक दाणा डब्यात जात नसे. गव्हाला ती एरंडेलाचा हात लावायची, तूरडाळीत खडेमीठ घालायची, चटणीच्या बरणीत हिंगाचे खडे पुरायची आणि तांदळात सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला. शेजारच्या बायका "तुझं कसं गं टिकतं?" म्हणून विचारायला यायच्या, तेव्हा ती तोंडानं "त्यात काय एवढं" म्हणायची, पण दिवसभर खुशीत असायची.

आणि यंदा आषाढ लागला तसे सोंडे सुरू झाले.

आधी तिनं स्वतःलाच दोष दिला. पाला ओला राहिला असेल, डबा पुसायचा राहिला असेल. सगळे डबे रिकामे केले, घासले, गॅसजवळ ठेवून कोरडे केले. तांदूळ दोनदा चाळला, तीनदा पाखडला. बोरिक पावडर लावली, लाल मिरच्या घातल्या, लवंगा घातल्या. आठ दिवसांनी झाकण उघडलं तर झाकणाच्या कडेनं पुन्हा वीस-पंचवीस जण फिरतायत. रव्यात जाळी धरली. हरभऱ्याच्या डाळीला भुंगा लागला. शेवटी एका सकाळी नळाला पाणी आलं म्हणून ती लवकर उठली, कोठीतला दिवा लावला आणि तिला उलगडा झाला. कोठीच्या मधोमध उभ्या असलेल्या प्लायवूडच्या फळीवर, वरच्या फटीतून खाली, सोंड्यांची रांगच्या रांग उतरत होती. पलीकडच्या बाजूनं अलीकडं.

पलीकडची बाजू म्हणजे थोरल्या दिरांची.

सासरे गेले त्याला दोन वर्षं झाली. दिवसकार्य उरकल्यावर पंधरा दिवसांत विजयसिंहनं वाटणी काढली. तो नोकरीला पुण्यात, घर तिथं, सगळं तिथं. वर्षातनं दोनदा-तीनदा यायचा. तरी त्याला सगळ्याची सारखी वाटणी हवी होती. दोन खोल्या त्याला, दोन सयाजीला. स्वयंपाकघर सयाजीकडं आलं, म्हणून मागची दहा बाय आठची कोठी तरी अर्धी द्या, असं म्हणाला. सुतार आला, मधे प्लाय ठोकला. मागच्या बोळात उघडणारं दार विजयसिंहकडं गेलं आणि त्यानं त्याला पितळी कुलूप घातलं. शाहूवाडीकडच्या रानात इंद्रायणी तांदूळ पिकतो. तो जानेवारीत गिरणीतनं आला की विजयसिंह वजनकाटा मागवून किलोवर वाटून घ्यायचा. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून पोती कोठीत रचायची, कुलूप लावायचं, येईल तेव्हा दहा-पंधरा किलो न्यायचं. बाकीचं तसंच. ना ऊन, ना वारा.

संयोगितानं फटीला चिकटपट्टी मारली. पट्टी ओलीनं सुटली. मग पांढरं सिमेंट कालवून भरलं. सोंडे पलीकडनं भिंतीवर चढून माळ्याखालनं यायला लागले.

डबा आदळला त्या दिवशी तिनं फोन लावला.

"भावजी, तुमच्या तांदळाला कीड लागलीया. सगळी आमच्याकडं यायलीया. किल्ली कुणाकडं ठेवलीया सांगा, मी साफ करून घेतो."

"किल्ली माझ्याजवळ आहे," विजयसिंह म्हणाला.

"मग एकदा येऊन जावा."

"संयोगिता, मी काय रिकामा बसलोय का इथं? दिवाळीला येणारच आहे. तेव्हा बघू."

"दिवाळीपत्तोर माझ्या घरात एक दाणा ऱ्हाणार न्हाय, भावजी. पोरीच्या डब्यात सोंडा निघाला आज."

"तुझ्या घरातलं तू बघ. माझ्या कुलपाला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो. वाटणी म्हणजे वाटणी. सह्या केल्यात ना तुम्ही?"

मग फोन जाऊबाईंच्या हातात गेला. वर्षाराणी गोड आवाजात म्हणाली, "अगं, पावसाळ्यात डबे नीट कोरडे करून भरायचे असतात. आमच्याकडं बघ, एक किडा दिसणार नाही तुला."

संयोगितानं फोन ठेवला. उत्तर सुचलं नाही असं नव्हतं. जे सुचलं ते तोंडातनं काढण्यासारखं नव्हतं.

सयाजी फौंड्रीतनं पहिली पाळी करून आला तेव्हा तिनं त्याला चहा द्यायच्या आधीच सगळं ऐकवलं. तो मोजे काढत ऐकत राहिला.

"दिवाळी काय लांब हाय?" तो म्हणाला.

"किती लांब हाय सांगू? तीन महिनं हाय! तीन महिनं मी तुमच्या भावाची कीड पोसू व्हय?"

"दादाला आवडणार न्हाय कुलूप काढलेलं."

"आणि मला काय आवडतंय ते कुणी बघायचं? तुमी एक शब्द तरी बोलणार हाईसा का न्हाय त्यास्नी?"

सयाजीनं मान खाली घालून मोजे बुटात कोंबले. आयटीआयला त्याला दादानं घातलं होतं, पहिली नोकरी दादाच्या ओळखीनं लागली होती, आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीही दादाचा फोन आला की तो खुर्चीतनं उठून बोलायचा. संयोगिताला हे लग्नापासून ठाऊक होतं. पूर्वी तिला त्याची कीव यायची. त्या दिवशी मात्र त्याच्या त्या खाली घातलेल्या मानेकडं बघून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं चहा केला, कप त्याच्यासमोर आपटला आणि अर्धा चहा बशीत सांडला तरी पुसला नाही.

शनिवारी सयाजी कामावर गेला, शांभवी कॉलेजला गेली. दहा वाजता संयोगितानं नवऱ्याच्या हत्यारांच्या पिशवीतनं हातोडा काढला, छिन्नी काढली आणि मागच्या बोळात गेली. कुलूप पितळी आणि दणकट होतं, पण कडी गंजलेली होती. तिनं कडीवर घाव घातले. पहिले दोन चुकले, तिसरा बोटाला लागला. बोट तोंडात धरून ती क्षणभर थांबली आणि मग कानांत वर्षाराणीचा तो गोड आवाज आणून सातव्या घावाला कडी तोडली.

शेजारची शशिकला भिंतीवरनं डोकावली. "काय गं, काय तोडालीस?"

"कुलूप."

"किल्ली हरवली व्हय?"

"माणसं हरवल्यात," संयोगिता म्हणाली आणि दार ढकललं.

आतनं उबट वाफ आली. कीड लागलेलं धान्य गरम होतं हे तिला माहीत होतं, पण एवढं? खोली आजाऱ्याच्या अंगासारखी तापली होती. कुबट, पिठूळ वास. भिंतीला हात लावायची सोय नव्हती. भिंत हलत होती. छतापासून जमिनीपर्यंत सोंडेच सोंडे, आणि कोपऱ्यातनं पतंगाच्या अळ्यांची जाळी लोंबत होती. पोत्यांच्या शिवणीतनं पांढरं पीठ गळून जमिनीवर त्याचे ढीग झाले होते.

तिनं पदर तोंडाला बांधला आणि पोती ओढायला लागली. एक, दोन, तीन. ही विजयसिंहची. ती बोळात आणून आदळताना प्रत्येक पोत्यागणिक ती एक शिवी देत होती, आणि शशिकला भिंतीपलीकडनं मोठ्या आवडीनं ऐकत होती. तीन झाली, तरी आत अजून दोन होती. अगदी मागं, भिंतीला टेकून. संयोगितानं पुढचं पोतं फिरवलं आणि तिचा हात तिथंच राहिला.

पोत्यावर निळ्या रंगानं लिहिलं होतं, "बया". अक्षर सयाजीचं.

तिनं दुसरं फिरवलं. त्यावरही "बया".

बयाबाई म्हणजे सयाजी-विजयसिंहची सगळ्यांत थोरली बहीण. घरात सगळे तिला आक्का म्हणायचे. हातकणंगल्याला दिलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, स्वतः दोन म्हशी सांभाळून राहणारी. सासरे होते तोवर दरवर्षी माहेरच्या रानातलं एक पोतं तिच्या घरी जायचं. सासरे गेल्यावर दोघा भावांनी अर्धं-अर्धं घालून ते चालू ठेवायचं ठरवलं. विजयसिंह म्हणाला होता, "माझ्याकडं गाडी आहे. जाता जाता हातकणंगल्याला टाकून पुढं जाईन." आणि टाकलं असंही त्यानं सांगितलं होतं. गेल्या वर्षीही, यंदाही. गेल्या वर्षीचं पोतं संयोगितानं स्वतःच्या हातानं शिवलं होतं, दाभणानं, दुहेरी शिवण घालून, रस्त्यात हिसके बसून उसवू नये म्हणून.

ती शिवण तशीच होती. पोतं निम्मं झालं होतं.

ती बोळातल्या पायरीवर बसली. दीड वर्षातलं एकेक तिच्या डोळ्यांपुढनं जायला लागलं. गेल्या वर्षी मार्चमध्ये तिची गर्भपिशवी काढली. आठ दिवस दवाखान्यात होती, आणि बसनं तासाभराच्या अंतरावर असलेली नणंद बघायला आली नाही. मे महिन्यात एका लग्नात जेवणाच्या पंगतीत भेट झाली तर आक्कानं तोंड फिरवलं आणि शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाली, "काही काही घरांत म्हाताऱ्याच्या मागं हात लईच आखडलेत." दिवाळीत सयाजी भाऊबीजेला गेला तर ओवाळलं, पण जेवायला थांब म्हणाली नाही. संयोगितानं तेव्हा ठरवून टाकलं होतं, हिचं नाव काढायचं नाही. एवढा कसला माज?

आता सगळं लख्ख दिसलं, आणि लख्ख दिसल्यावर राग कमी व्हायचा तो दुप्पट झाला. तिनं हात साडीला पुसले आणि फोन लावला.

"आक्का, मी संयोगिता बोलतोय."

पलीकडं म्हशीची साखळी वाजली.

"का? कोण गेलं?" आक्का म्हणाली.

"कोण गेलं न्हाय. तुमच्या नावची दोन पोती हितं भावजींच्या कोठीत सापडली. गेल्या सालचं एक आणि औंदाचं एक. दोन्हींत कीड पडलीया."

"आज सांगालीस व्हय?"

"मला आज कळालं. तासाभरापूर्वी. कुलूप फोडून बघितलं मी."

पुन्हा साखळी वाजली.

"कशालाच हात लावू नको," आक्का म्हणाली. "मी यायलो."

दीड वाजता ती गल्लीच्या तोंडाला रिक्षातनं उतरली. साठीची बाई, उंच, हातात नुसती एक पिशवी. घरात न येता बाजूनं सरळ बोळात गेली. पोत्यावरचं आपलं नाव वाचलं. तोंड सोडलं, आत कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. मुठीत तांदूळ थोडा आणि पीठ जास्त; बोटांवरनं सोंडे मनगटाकडं पळत होते. तिनं मूठ झाडली नाही. तसाच हात धरून ती संयोगिताकडं वळली.

"मी गेल्या साली फेब्रुवारीत विजूला फोन केलता. म्हटलं, तांदूळ आला न्हाय रं औंदा. तर म्हणाला, आक्का, मी सयाजीकडं दिलाय, संयोगिता पाठवणार हाय. परत म्हैन्यानं विचारलं तर म्हणाला, तिला सांगितलंय, ती बघंल. तिच्या मनात असंल तसं. असं म्हणाला. तिच्या मनात असंल तसं!"

"माझ्या मनात?" संयोगिताचा आवाज चिरकला. "मी हे पोतं ह्या हातानं शिवलंय, आक्का. ही शिवण बघा. आणि तुमी ते खरं मानलंसा? वीस वर्षं मला बघताय, आणि एका फोनवर खरं मानलंसा?"

"मग तू का फोन केला न्हाईस? पोचलं का पोतं, एवढं दोन शब्द विचारायला काय झालतं तुला?"

"तुमी मला बघायला दवाखान्यात आला न्हाईसा! आठ दिवस दाराकडं बघत पडलोतो मी!"

"मला वाटलं, जिनं माझं पोतं दाबून ठेवलं तिच्या उशाला कशाला जाऊन बसू!"

"मग मला तोंडावर विचारायचं! पंगतीत टोमणं मारायला बरं जमलं!"

"भावाच्या दारात तांदूळ मागायला येऊ व्हय मी? भिकारीण हाय?"

दोघी असल्या ओरडत होत्या की शशिकला भिंतीवरनं खाली उतरली. मग आक्काचा दम संपला. ती पायरीवर बसली आणि इतका वेळ तसाच धरलेला हात तिनं हळूच झाडला. संयोगिताला अजून बोलायचं होतं, पुष्कळ होतं, पण एक गोष्ट तिला आतनं टोचायला लागली होती. आक्का म्हणत होती ते काही खोटं नव्हतं. एक फोन. तिनं तो केला नव्हता, आणि का केला नव्हता तर आपण कशाला कमीपणा घ्यायचा म्हणून. दीड वर्ष तिनं तो राग जपून ठेवला होता. डाळ-तांदळालासुद्धा एवढं जपलं नव्हतं.

"जेवलाय का?" तिनं शेवटी विचारलं, आवाज तसाच खरखरीत.

"न्हाय."

"चला मग. भाकरी हाय. भात मागू नका, भात न्हाय घरात."

आक्का उठली. हात धुताना नळाशी उभ्या उभ्या तिनं विचारलं, "दवाखान्यात टाके कसले घातलते? उभे का आडवे?" आणि संयोगितानं सांगितलं.

जेवण झाल्यावर आक्कानं विजयसिंहला फोन लावला आणि फोन ओट्यावर ठेवला, संयोगितालाही ऐकू जाईल असा.

"विजू, माझं पोतं कुठं हाय?"

"कुठलं पोतं, आक्का?"

"दोन हायत. मी त्यांच्या शेजारीच बसलोय. कुठलं त्ये तू सांग."

पलीकडं टीव्हीचा आवाज बंद झाला. मग विजयसिंह म्हणाला, "अगं, गेल्या वर्षी डिकीत जागा नव्हती. वर्षाराणीचं सामान होतं. म्हटलं, पुढच्या खेपेला टाकू. मग राहूनच गेलं."

"आणि औंदा?"

"आता गेल्या वर्षी तुला पोतं सयाजीकडं आहे म्हणून सांगितलेलं. मग मी घेऊन आलो असतो तर तू विचारलंच असतंस ना…"

संयोगिताला वाटलं, आपल्याला काहीतरी वेगळं ऐकू आलं असावं. भांडण नव्हतं, वैर नव्हतं, तांदूळ विकून खाल्ला असंही नव्हतं. डिकीत जागा नव्हती! एवढ्यासाठी दोन घरांचं येणंजाणं तुटलं होतं, आणि त्या माणसाला त्याचं काहीसुद्धा वाटलं नव्हतं.

"उद्या ये," आक्का म्हणाली आणि फोन बंद केला.

रविवारी उघडीप होती. अकरा वाजता विजयसिंहची गाडी दारात लागली. पांढराशुभ्र शर्ट, कपाळावर आठ्या. बोळातली पोती, तुटलेली कडी सगळं बघून तो पहिल्यांदा संयोगितावरच घसरला.

"कुलूप कुणी तोडलं?"

"मी," संयोगिता म्हणाली.

"कुणाला विचारून? दुसऱ्याच्या मालमत्तेचं कुलूप तोडणं म्हणजे काय असतं माहीत आहे? तक्रार केली तर—"

"दादा, बसा की. चहा टाकायला सांगतो," सयाजी म्हणाला.

संयोगितानं नवऱ्याकडं असं बघितलं की त्याच्या हातातली खुर्ची हातातच राहिली.

आक्का आतनं आली. तिनं आवाज चढवला नाही. "कर तक्रार. त्यांस्नी पण दाखवू आपण, आतनं काय निघालं ते. आधी उचल ही दोन पोती. माझ्या नावची हायत, माझ्या दारात तू आणणार होतास. तिथवर न्हाय जमलं, निदान बोळातनं अंगणात आण."

"आक्का, माणूस बोलवू की एखादा."

"उचल, विजू."

विजयसिंहनं पोतं पाठीवर घेतलं. उसवलेल्या कोपऱ्यातनं पीठ त्याच्या मानेवर सांडलं, आणि अंगणात येईतोवर सोंडे त्याच्या कॉलरीतनं आत गेले. पोतं टाकून तो मान, पाठ, बाह्या झाडत नाचायला लागला. शशिकलाच्या गच्चीवरनं कुणीतरी हसलं. संयोगिताला वाटलं होतं, हे बघून आपल्याला बरं वाटेल. थोडं वाटलंही. पण पोटातली आग जिथल्या तिथं होती.

दुसरं पोतं टाकून झाल्यावर विजयसिंह आक्काजवळ आला. "आक्का, चुकलं माझं. तुझे दोन्ही वर्षांचे तांदूळ भरून देतो."

"बरं," आक्का म्हणाली.

"आणि मला?" संयोगितानं विचारलं.

"तुला काय? तुझे कुठं तांदूळ गेले?"

"तांदूळ न्हाय. नाव गेलं. दीड वर्ष तुमी माझं नाव पुढं केलंसा. संयोगिता पाठवंल, संयोगिताच्या मनात असंल तसं. मी आक्कांच्या नजरंत चोर ठरलो, आणि तुमी पुण्यात आरामात झोपत होता. मला काय म्हणणार ते बोला."

विजयसिंहनं तिच्याकडं बघितलंच नाही. त्यानं सयाजीकडं बघितलं, वर्षानुवर्षं बघायचा तसं, की हिला आत ने.

सयाजीनं खुर्ची खाली ठेवली. त्याचा आवाज इतका बारीक निघाला की शांभवी दारातनं पुढं सरकली. "दादा, तिचं काय बी चुकलं न्हाय. तिला पण म्हणा."

"काय म्हणू?"

"आक्काला म्हणालास त्येच."

अहो-जाहो गळून पडलं होतं, हे सयाजीच्या ध्यानातही आलं नव्हतं. विजयसिंहच्या मात्र आलं. त्याचा चेहरा लालबुंद झाला. "सगळे एक झालात," तो म्हणाला, गाडीत बसला आणि निघून गेला. त्याची तीन पोती बोळातच राहिली.

संयोगिता वळली आणि आता नवऱ्यावर कडाडली. "एवढंच होतं तर दोन वर्षं कुठं गेलतासा? त्या दिवशी का बोलला न्हाईसा?" सयाजी आत गेला. पाना आणि पेचकस घेऊन कोठीत उतरला आणि प्लायवूडच्या फळीचे स्क्रू काढायला लागला. फळीच्या खाचेत बोटभर जाडीचा थर होता, पिठाचा आणि किड्यांचा. तो बघून संयोगिता कुंचा आणायला गेली.

संध्याकाळपर्यंत सगळे राबले. भिंती खरवडल्या, फटी सिमेंटनं लिंपल्या, चुना फासला. आक्काच्या दोन पोत्यांत वाचवण्यासारखं काहीच नव्हतं. ती तिनं स्वतः उकिरड्यावर रिकामी केली. विजयसिंहच्या तीनपैकी दीड पोतं चाळून, पाखडून निघालं. आक्का दोन दिवस राहिली. त्या दोन दिवसांत दोघी तीनदा भांडल्या, एकदा चुन्यावरनं, एकदा कडुलिंबाच्या पाल्यावरनं आणि एकदा पुन्हा त्या लग्नातल्या पंगतीवरनं. जाताना आक्का म्हणाली, "फोन कर. आणि मी न्हाय केला तर तू कर, वाट बघत बसू नको." संयोगितानं आपल्या वाट्याचा तांदूळ चाळून-पाखडून तिच्याबरोबर दिला, आणि सयाजी रजा टाकून तो हातकणंगल्याला पोचवून आला.

त्यानंतर घरात सोंडा दिसला नाही. गौरी-गणपतीला पुण्याहून कुणी आलं नाही. आरतीच्या आधी विजयसिंहचा फोन मात्र आला. संयोगिता ओट्याशी मोदक वळत होती. सयाजी फोन कानाला लावून बसल्या जागीच बोलत होता. मधेच त्यानं फोनवर हात आडवा धरून विचारलं, "दादाला तुझ्याशी बोलायचंय म्हणे. देऊ?"

"सांगा, ती घरात न्हाय," संयोगिता पलीकडं ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली.

सयाजीनं आडवा हात काढला आणि फोनवर सांगितलं, "घरात हाय, दादा. पण माझं चुकलं, असं तुमी तिला म्हणत न्हाईसा तवर ती बोलणार न्हाय."